आजच्या तारखेला साफ

माझा धाकटा भाऊ ऑरिन कटलिप आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. आमच्या ग्रेव्हली गावात कुणालाही विचारा, टपालवाल्याला विचारा, अग्निशमन दलाच्या फायर हॉलमध्ये मासे तळणाऱ्या बायकांना विचारा, सगळे एकच सांगतील, "कटलिप लोक खोटं बोलत नाहीत." आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आदर असतो ना, तो बघून माझ्या मस्तकात तिडीक जाते. खोटं न बोलता माणसाला किती लुबाडता येतं, हे मी आमच्या घरात लहानपणापासून पाहत आलेय.

आमचे बाबा, डेलबर्ट कटलिप, जुन्या गाड्या विकायचे. ओहायो नदीच्या कडेने जो रस्ता जातो, त्यावर त्यांचं मोकळं आवार होतं. दोन रांगांत गाड्या, वर प्लास्टिकच्या पताका आणि प्रत्येक गाडीच्या काचेवर चिकटवलेली चिठ्ठी, 'जशी आहे तशी'. म्हणजे घेतलीस की तुझं नशीब, माझा संबंध संपला. बाबांचा धंद्याचा नियम एकच होता आणि तो त्यांनी आम्हा दोघांकडून प्रार्थनेसारखा घोटून घेतला होता. विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायचं नाही. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच द्यायचं नाही. एखाद्याची गाडी पुलापर्यंतही पोचली नाही आणि तो तणतणत परत आला, की बाबा शांतपणे म्हणायचे, "विचारलं नाही, सांगितलं नाही," आणि पुन्हा वर्तमानपत्रात तोंड घालायचे.

एकदा तर त्यांनी बॅप्टिस्ट चर्चच्या पाद्रीबाबांना एक ट्रक विकला. गिअरबॉक्सचा खडखडाट बाहेर ऐकू येऊ नये म्हणून त्यात लाकडाचा भुसा भरलेला होता. मी आणि ऑरिन ऑफिसच्या पायरीवर बसून बघत होतो. पाद्रीबाबांनी विचारलं, "डेलबर्ट, इंजिन कसं आहे?" बाबा म्हणाले, "इंजिन उत्तम आहे." ते खरंच उत्तम होतं. पाद्रीबाबा गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, तो भुसा?" बाबा म्हणाले, "त्यांनी इंजिनाचं विचारलं." ऑरिन तेव्हा फार तर सात वर्षांचा असेल. त्याने बाबांकडे असं पाहिलं, की जणू बाबांनी टोपीतून ससा काढून दाखवलाय.

आता गावात ही गोष्ट कुणी सांगत नाही. गावात सांगतात ती दुसरी. कुणी एक विधवा बाई गाडी बघायला आली आणि तिने बाबांना विचारलं, "डेलबर्ट, ही गाडी तू तुझ्या बायकोला चालवायला देशील?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही." झालं. त्या एका 'नाही'वर बाबांनी पुढची तीस वर्षं धंदा केला. बाई चर्चमध्ये उठून उभी राहिली आणि तिने सगळ्यांना ते सांगितलं, आणि त्या दिवसापासून लोक बाबांच्या आवारात येताना प्रश्न घरीच ठेवून येऊ लागले. प्रामाणिक माणसाला काय विचारायचं?

खाण तशी माती. ऑरिन बाबांचाच, पण बाबांहून कोरडा. बाबांना निदान हसू यायचं. ऑरिन दिसायला सज्जन, सडपातळ, दाढी घोटलेली, शर्टाला कडक इस्त्री आणि आवाज इतका मऊ की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागतं. पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा तो पंचविशीत होता. त्यानंतर त्याने व्हॅक्युम क्लीनर विकले, घराच्या भिंतींना बाहेरून लावायच्या प्लास्टिकच्या फळ्या विकल्या, म्हाताऱ्यांना कानाची यंत्रं विकली. त्याला विकायचं काय याचं कधीच काही नव्हतं. समोरचा माणूस नेमका कोणता प्रश्न विचारायला विसरतो, हे बघण्यात त्याला गंमत वाटायची.

त्याचं लग्नही या नियमानेच मोडलं. डार्ला, त्याची बायको, गरीब स्वभावाची होती, इथे तिथे काटकसर करून संसार ओढायची. एके सकाळी न्याहारीला बसल्या बसल्या तिने सहज विचारलं, "ऑरिन, तुझं प्रेम आहे ना रे माझ्यावर?" ऑरिन अंडी खात होता. "नाही," म्हणाला. ती संध्याकाळी बहिणीकडे निघून गेली ती परत आली नाही. मी त्याला फाडफाड बोलले. तर तो म्हणतो कसा, "ताई, इतकी वर्षं तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आज विचारलं. मी काय करू?"

ह्या माणसाच्या हातात मग मोबाईल फोनांचा धंदा आला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्याव्यात, तसं झालं.

धंदा साधा होता. आमच्या भागात अडचणीतली माणसं पुष्कळ. ती दुकानात जाऊन महागडा फोन हप्त्यावर घेतात, पहिला हप्ता भरतात, पुढचं बिल भरायला पैसे नसतात. मग तो फोन ऑरिनकडे आणतात. ऑरिन त्यांना निम्म्याहून कमी किंमत हातावर टेकवतो आणि तो फोन इंटरनेटवर जाहिरात देऊन दुसऱ्याला विकतो. बिल थकल्यावर कंपनी लगेच काही करत नाही. आधी पत्रं पाठवते, मग फोन करते, मग आणखी पत्रं पाठवते आणि दोन-तीन महिन्यांनी त्या फोनचा नंबर काळ्या यादीत टाकते. एकदा यादीत गेला की तो फोन देशात कुठल्याच कंपनीवर चालत नाही. नुसती काचेची फरशी. ऑरिनचा सगळा धंदा त्या दोन-तीन महिन्यांच्या फटीत चालायचा.

घेणारे तसे हुशार असतात. फोनचा नंबर एका वेबसाइटवर टाकून बघतात. काळ्या यादीत नसला तर हिरवी खूण येते. ऑरिन स्वतःच म्हणायचा, "बघा की, टाकून बघा." हिरवी खूण आली की तो त्या मऊ आवाजात म्हणायचा, "आजच्या तारखेला साफ आहे." तो कधीही नुसतं 'साफ आहे' म्हणाला नाही. 'आजच्या तारखेला' हे दोन शब्द त्याने एकदाही गाळले नाहीत. आणि ते दोन शब्द आजवर एकाही माणसाला ऐकू आले नाहीत.

वर सौदा करायची जागा कुठली, तर पोलीस चौकीचं आवार. तिथे भिंतीलगत दोन गाड्यांपुरती जागा हिरव्या पट्ट्यांनी आखलेली आहे, वर कॅमेरा आहे आणि पाटी आहे, की इंटरनेटवरून ठरवलेली देवघेव इथे येऊन करावी. ती जागा आहे कशाला? तर पैसे घेऊन येणाऱ्याला कुणी लुटू नये, एवढ्याचसाठी. पण आमच्या लोकांची समजूत अशी, की पोलिसांच्या दारात विकलेला माल म्हणजे पोलिसांनी पारखलेला माल. बायका गाडीतून उतरताना आधी कॅमेऱ्याकडे बघतात, मग ऑरिनच्या इस्त्रीकडे बघतात आणि निर्धास्त होतात.

ट्विला यॉस्टने तिचा फोन तिथेच घेतला.

ट्विला आणि मी एकाच संस्थेत कामाला. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना आंघोळ घालायची, जेवण करून द्यायचं, औषधं द्यायची. ट्विलाकडे हॅन्लिनबाई होत्या. डोंगराच्या घळीत एकट्या राहणाऱ्या, आणि ट्विलाशिवाय कुणाच्या हातचा घास न घेणाऱ्या. आमच्या कामात घरात शिरताना आणि निघताना फोनवर नोंद करावी लागते. तू अमुक घरी आहेस हे फोनच ऑफिसला आणि पैसे देणाऱ्या सरकारला कळवतो, आणि नोंद असेल तरच पगार. हॅन्लिनबाईंकडे ना तारेचा फोन, ना इंटरनेट. घळीत रेंज तशीही येऊन-जाऊन असायची, त्यामुळे ट्विलाचा फोन काळ्या यादीत गेला तेव्हा तिला काही दिवस पत्ताच लागला नाही. ती आपली रोज बटण दाबायची, फोन म्हणायचा नोंद झाली, आणि ती नोंद फोनच्या पोटातच राहायची. ऑफिसला वाटलं, बाई कामावर जातच नाही. त्यांनी तिचा पगार कापला, हॅन्लिनबाईंकडे दुसरी मुलगी धाडली आणि ट्विलाच्या नावावर शेरा मारला. सगळा उलगडा होऊन तिने दुसरा स्वस्तातला फोन घेतला तोवर हॅन्लिनबाईंकडचं काम हातचं गेलं होतं. हॅन्लिनबाईंनी नव्या मुलीला दारातूनच हाकललं आणि दोन दिवस बिस्किटांवर काढले. मग त्यांच्या पुतण्याने त्यांना वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं.

मला हे कळलं तेव्हा मी तडक ट्विलाकडे गेले. म्हटलं, "ट्विला, ऑरिनला माहीत होतं. तो तेच विकतो."

ट्विला कपड्यांच्या घड्या घालत होती. "असं नको बोलूस गं. त्यालाही कुणीतरी फसवलं असणार."

"मी त्याची सख्खी बहीण आहे. मी सांगतेय."

"बहीण आहेस म्हणूनच. तुमचं दोघांचं कधी पटलंय?" ती म्हणाली. "ऑरिन स्वतःच्या तोंडाने म्हणाला ना, मला माहीत होतं म्हणून, तर मी मानेन. कटलिप माणूस खोटं बोलायचा नाही."

आणि वर सांगते, की तिने तिच्या भाचीलाही ऑरिनकडेच पाठवलंय, तिला फोन हवा होता म्हणून. मी डोक्याला हात लावला.

मी तशीच ऑरिनच्या घरी गेले. तो स्वयंपाकघरात बोलोन्या सॉसेजचे काप तव्यावर परतत उभा होता.

"ट्विलाचा फोन बंद पडला," मी म्हटलं.

"कोण ट्विला?"

"यॉस्टांची. तू विकलास तिला."

"हं. चांगली बाई. घासाघीस केली नाही."

"त्याचं बिल थकलेलं होतं ऑरिन."

"होतं की."

"तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं." बघा, विचारलं की कसं पटकन सांगतो. त्याने काप उलटला. "खाणार का गं? पाव आहे."

"मग तिला बोलला का नाहीस?"

माझ्याकडे त्याने असं पाहिलं, की मला अजून अक्कल आली नाही याचं त्याला वाईट वाटतंय. "ताई, तिने विचारलं नाही."

मला त्या तव्यावरचं गरम तेल त्याच्या इस्त्रीवर ओतावंसं वाटलं. मी म्हटलं, "पैसे नको देऊस. तू देणार नाहीस हे मला माहितेय. तिच्या दारात जा, आणि एवढंच सांग, की मला माहीत होतं. बस्स. तिच्या भाचीचे तरी पैसे वाचतील."

"ती विचारायला आली तर सांगेन."

"ती येणार नाही. तिला तू साधू वाटतोस."

"मग प्रश्नच मिटला," म्हणत त्याने पाव कापला.

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. घरी येताना पुलावर मला एकदम सुचलं. ज्या नियमाच्या आडून हा माणूस जन्मभर लपत आलाय, त्याच नियमाने त्याला बाहेर काढता येईल. विचारलं तर तो खरं सांगतो. मग विचारायचं. सगळ्यांच्या देखत विचारायचं.

शनिवारी सकाळी मी पोलीस चौकीच्या आवारात जाऊन उभी राहिले. ऑरिन त्याच्या गाडीला टेकून होता. मला बघून त्याची एक भुवई वर गेली, एवढंच. थोड्या वेळात एक तरुण जोडपं आलं. मुलाच्या अंगावर गोदामाच्या पाळीचं जाकीट होतं, मुलगी पोटुशी. मुलाने नंबर टाकून पाहिला, हिरवी खूण आली. ऑरिन म्हणाला, "आजच्या तारखेला साफ आहे." मुलाने खिशात हात घातला.

मी पुढे झाले. "ऑरिन, या फोनचं बिल थकलंय का?"

ऑरिनच्या जबड्याची शीर हलली. तो जमिनीकडे बघायला लागला. मी मनात म्हणत होते, बोल आता. बाबांचा लेक ना तू? बोल.

"थकलंय," तो म्हणाला.

"कंपनी तो बंद करणार?"

"करेल."

मुलाचा हात खिशातच राहिला. मुलगी म्हणाली, "चल रे," आणि ती दोघं गाडीत बसून गेली. ऑरिनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, तू माझ्या पोटावर पाय देतेस."

"मी कुठे काय केलं? मी फक्त विचारलं."

चौकीतून हवालदार बाहेर आला, हातात कॉफीचा पेला. "काय भानगड आहे?"

"काही नाही," मी म्हटलं, "भावाला प्रश्न विचारतेय."

"विचारा बापडे," म्हणून तो पुन्हा आत गेला.

सांगायला हरकत नाही, मला त्या दिवशी फार बरं वाटलं. घरी येऊन मी दालचिनीच्या पोळ्या केल्या आणि एकटीने खाल्ल्या.

पुढच्या शनिवारी ऑरिनने वेळ बदलली होती. मी पहाटेच जाऊन बसले होते, थर्मास घेऊन. या खेपेला एक आजोबा आले, नातीच्या वाढदिवसाला फोन घ्यायला. मी विचारलं.  आजोबा त्याच्याकडे बघतायत, मी त्याच्याकडे बघतेय, आणि हा जमिनीकडे. त्याच्या कपाळावर मार्च महिन्याच्या गारठ्यात घाम होता. शेवटी "थकलंय" म्हणाला, पण इतक्या हळू की आजोबांनी दोनदा विचारलं.

आजोबांनी त्याचा हात हातात घेतला. "खरं सांगितलंस पोरा. तुझ्या बापासारखाच आहेस," म्हणाले, आणि फोन न घेता गेले.

"किती दिवस चालणार हे?" ऑरिनने मला विचारलं. त्याचा आवाज मऊ राहिला नव्हता.

"ट्विलाच्या दारात जाईपर्यंत."

"मी कधी कुणाला खोटं सांगितलं नाही ताई. माझ्याकडे तेवढं एकच आहे."

"तेच तर जाऊन सांग तिला. खरं."

तो गाडीत बसला, आणि बराच वेळ इंजिन सुरू न करता नुसता बसून राहिला. मला वाटलं, आता वाकला. अजून एक शनिवार, की हा जाणार.

तिसऱ्या शनिवारी तो आवारात आलाच नाही. मी दुपारपर्यंत थांबले. हवालदार मला म्हणाला, "आज भाऊ नाही वाटतं?" मी म्हटलं, "नसेल. त्याला दुसरं काम असेल." आणि मनात म्हटलं, असू दे, यॉस्टांच्या घरी असू दे.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे शुक्रवार म्हणजे आमच्याकडे फायर हॉलमध्ये माशांचं जेवण. सगळं गाव तिथे असतं. लांब टेबलं, कागदाची ताटं, तळलेला कॉड, कोबीची कोशिंबीर आणि पुढच्या आठवड्यात बोलायला पुरतील इतक्या चहाड्या. त्या शुक्रवारी मी रांगेत उभी राहिले तर वाढायला ट्विलाच होती. मला बघितलं आणि तिने कोशिंबिरीचा चमचा जरा जोरातच आपटला.

"ऑरिन आला होता काल," ती म्हणाली.

माझ्या छातीवरचा दगड उतरला. "आला होता? बोलला?"

"बोलला. सगळं बोलला. दारातच उभा होता, आत यायला तयार नाही. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, ट्विला, देवाशपथ, त्या फोनचं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ज्याने मला विकला त्यानेच मला फसवलं." ट्विलाचेही डोळे भरून आले होते. "मी म्हटलं, अरे, मला ठाऊकच होतं. सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी दिली त्याला. आणि तू, नोरीन? सख्खा भाऊ. पोलिसांच्या दारात उभं करून चार लोकांत त्याची अब्रू काढलीस."

"ट्विला, तो खोटं बोलला तुझ्याशी."

"खोटं? दोन शनिवार लोकांसमोर स्वतःच्या तोंडाने नाही सांगितलं त्याने, की बिल थकलंय म्हणून? स्वतःचा धंदा बुडवून? असा माणूस माझ्याशी कशाला खोटं बोलेल?" मागे रांगेत कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. ते तेच आजोबा होते, नातीच्या फोनवाले.

मी ताट तिथेच ठेवलं. ऑरिन मधल्या टेबलावर बसला होता, पाद्रीबाबांच्या शेजारी, मांडीवर रुमाल पसरून. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला काय करायचं हे पक्कं होतं. बाईमाणसाच्या दारात एकट्याने बोलणं वेगळं. इथे, माझ्या तोंडावर, माझ्या प्रश्नाला हा खोटं उत्तर देणार नाही. जन्मात दिलं नाही. बायकोला दिलं नाही.

"ऑरिन," मी मोठ्याने म्हटलं, "ट्विलाला फोन विकलास, तेव्हा त्याचं बिल थकलंय हे तुला माहीत होतं का?"

आजूबाजूचे काटे-चमचे थांबले. ट्विला हातात चमचा घेऊन वाढायच्या टेबलामागून पुढे आली. ऑरिनने रुमालाने तोंड पुसलं. खरं सांगताना तो नेहमी जमिनीकडे बघायचा. आता त्याने मान वर केली आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं, अगदी मायेने.

"नाही ताई," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

 मी जर म्हटलं असतं की हा खोटं बोलतोय, तर कटलिपांच्या घरातली पहिली खोटारडी मीच ठरले असते. पाद्रीबाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ट्विला म्हणाली, "झालं समाधान, नोरीन?" आणि सगळे पुन्हा जेवायला लागले.

मी बाहेर येऊन गाडीत बसले. किल्ली लावली. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. ऑरिन होता. माझं जेवण त्याने डब्यात भरून आणलं होतं. मी काच खाली केली. त्याने डबा माझ्या मांडीवर ठेवला, खिडकीवर हात टेकले आणि वाकून, त्याच्या त्या मऊ आवाजात म्हणाला,

"ताई, हे इतकं सोपं असतं? बाबांनी उगाच जन्मभर एवढी कसरत केली."

तो खरोखरच चकित झालेला होता. त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना लाज. 

"उद्या शनिवार," तो म्हणाला. "ट्विलाची भाची येतेय दहा वाजता. तूही ये. खुशाल ये, आणि मोठ्याने विचार."